बॅगेत काय भरू, ताई?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : परदेशी जाताना कपडे

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की यंदा ज्यांना परदेशात जायचंय त्यांनी कपड्यांबद्दलचे प्रश्न पाठवा, तर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून जे प्रश्न पुष्कळांच्या उपयोगाचे आहेत तेवढे निवडलेत. बहुतेकांनी "अमुक देशात काय घालतात" असं विचारलंय. मला वाटतं देशाचं नाव बाजूला ठेवा आणि दिवसाचा कार्यक्रम समोर घ्या, म्हणजे सकाळी कुठे, दुपारी कुठे, रात्री जेवायला कुठे, चालायचंय किती, कुठल्या देवळात किंवा मशिदीत शिरायचंय, आणि कोणाच्या घरी जायचंय. एकाच गावात एकाच दिवशी तीन वेगळे ऋतू आणि तीन वेगळे रिवाज भेटू शकतात. आपल्याकडे किनाऱ्याला उकाडा आणि पाऊस, थंडी म्हणजे पहाटे चादर जरा वर ओढायची इतकीच, त्यामुळे आपल्या कपाटात बाकीच्या हवेसाठी काहीच नसतं आणि मग माणूस घाबरून नको तेवढं भरतो. तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं रिटायर्ड शिक्षक. मे महिन्यात टूरबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली करतोय. टूरवाले सांगतात भरपूर गरम कपडे घ्या, जावई म्हणतो मे मध्ये तिकडे छान हवा असते, काही लागत नाही. नक्की किती स्वेटर घ्यायचे? (एक वाचक, दापोली)

सर, दोघंही बरोबर सांगतायत, फक्त वेगवेगळ्या जागेबद्दल बोलतायत. मे मध्ये पॅरिसला दुपारी साधारण 20 अंश आणि पहाटे 10 च्या आसपास असतं, रोमची दुपार त्याहून उबदार, म्हणजे दिवसा चालताना फुल शर्ट पुरतो आणि संध्याकाळी बोटीत वगैरे बसलात तर पातळ स्वेटर लागतो. पण त्याच टूरमध्ये बहुतेक एक दिवस युंगफ्राउयोखचा असतो, ते स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3454 मीटरवर आहे, आणि उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं. सावंतवाडीहून आंबोलीला चढलो की 690 मीटरवरच केवढा फरक जाणवतो ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय, तेच गणित तिथे पाचपट. त्यामुळे डोंगराखाली इंटरलाकेन गावात लोक अर्ध्या शर्टात आइस्क्रीम खात असतात आणि गाडीने वर गेलात की शून्याच्या खाली, वर बर्फावरून येणारा वारा.

म्हणून जाडजूड स्वेटर एकही नको. पातळ थर घ्या. अंगाला लागून फुल बाह्यांचं थर्मल, म्हणजे थंडीत आतून घालायचा चिकट बसणारा कपडा, त्यावर फ्लीसचं, म्हणजे मऊ लव असलेल्या कापडाचं, जॅकेट किंवा हलका लोकरी स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं विंडचीटर. ऊब कपड्यात नसते, दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते तिच्यामुळे ती टिकते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर जास्त काम करतात आणि बसमध्ये शिरल्यावर एकेक काढताही येतो. आपण पावसात स्कूटरवर घालतो तो जाडा रबरी रेनकोट मात्र नेऊ नका, आतला घाम बाहेर जात नाही आणि थांबल्यावर तोच गार पडतो. वर बर्फावर ऊन फार परावर्तित होतं, गॉगल हवाच, तो शोभेसाठी नाही डोळ्यांसाठी.

मॅडम साडी नेसत असतील तर युंगफ्राउयोखच्या दिवशी साडीच्या आत परकराऐवजी थर्मल लेगिंग आणि लोकरी मोजे, किंवा तेवढा एक दिवस पंजाबी ड्रेस, कारण वर बर्फात ओला झालेला साडीचा काठ दिवसभर वाळत नाही.

आता इटली. रोममधल्या व्हॅटिकनची सेंट पीटर्स बॅसिलिका, सिस्टिन चॅपल, अशा चर्चच्या ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही, आणि पुरुषांनी आत टोपी काढायची. दारावर माणसं उभी असतात, परत पाठवतात, टूरची तासभराची रांग वाया जाते. मुलांनी हौसेने बर्म्युडा घेऊन दिली असेल तर ती त्या दिवशी हॉटेलवर राहू दे. एक ओढणी आणि एक उपरणं पिशवीत कायम असू द्या. पॅरिस-रोमच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, टाचांचे सँडल आणि गुळगुळीत तळाचे बूट तिथे पाय मुरगळवतात, आणि नवे बूट निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, दोन आठवडे आधी घेऊन घालून चाला.

"युरोपात काहीही चालतं" असं बरेच जण लिहितात, म्हणून इथेच सांगते. बार्सिलोनामध्ये 2011 पासून रस्त्यात उघड्या अंगाने किंवा पोहायच्या कपड्यात फिरलं तर दंड आहे. समुद्र तिकडेही आहे आणि गाव तिकडेही आहे, आणि गावातल्या लोकांना वाटतं की किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावर राहावेत. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं येतात आणि समुद्रात डुंबून तशीच ओली, अर्ध्या चड्डीत थेट देवळाच्या सभामंडपात शिरतात तेव्हा आपल्या पोटात कसं कालवतं. आपण बोलत नाही कारण पाहुणे असतात. तिकडचेही बरेचदा बोलत नाहीत, पण वाटायचं ते वाटतंच.

प्रश्न : ताई, आमचो झील कॅनडात आसा, डिसेंबरात आमका दोघांका बोलावता. माका थंडी म्हायत नाय. हयसर स्वेटर इकत पण गावणत नाय. काय काय घेवचा? (एक वाचक, मालवण)

काकी, पयलो प्रश्न झिलाक इचारा, कॅनडात खयसर? बाकीचं सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून नेहमीच्या मराठीत लिहिते.

कॅनडा म्हणजे एक गाव नाही. व्हँकूवर समुद्राकाठी आहे, तिथे डिसेंबरात बर्फ कमी आणि पाऊस जास्त, तापमान शून्याच्या वर राहतं बहुतेक, म्हणजे तिथे पाणी न शिरणारं जॅकेट आणि बूट महत्त्वाचे. टोरांटोत शून्याच्या आसपास किंवा खाली, काही दिवस उणे 10-15. विनिपेग किंवा एडमंटनला उणे 30 पर्यंतसुद्धा जातं. तीन ठिकाणांची तीन वेगळी बॅग होते. आणि आकडा एकटा बघू नका, वारा बघा. उणे 10 असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला तर अंगाला ते उणे 20 सारखं लागतं, तिकडच्या हवामानाच्या अ‍ॅपवर हा वेगळा आकडा दिलेला असतो, घराबाहेर पडताना तो बघायचा.

सगळ्यात मोठा जॅकेट इथून घेऊन जाऊ नका. आपल्याकडे जे "भारी थंडीचं" म्हणून विकतात ते हिल स्टेशनच्या थंडीचं असतं. मुलाला सांगा विमानतळावर येतानाच तुमच्या मापाची जॅकेटं आणि टोप्या घेऊन ये, मित्रांकडून उसनी मिळतात, तिकडे जुन्या कपड्यांची चांगली दुकानं असतात, आणि 26 डिसेंबरला मोठा सेल लागतो तेव्हा बाकीचं घेता येतं. इथून न्यायचं ते अंगालगतचं, म्हणजे थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरी मोजे, कानटोपी, मफलर. कोल्हापूर-मुंबईच्या दुकानात मिळतात, नाहीतर मुलीला-सुनेला सांगून ऑनलाइन मागवा, पण एक नंबर सैल मागवू नका, थर्मल अंगाला चिकटूनच बसायला हवं.

आणि सुती बनियन आत नको. हे आपल्या लोकांना पटत नाही कारण जन्मभर आपण सुती कपड्यावरच जगलोय आणि इथल्या घामाला तेच बरोबर आहे. पण सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. बर्फात भरभर चाललात, आतून घामेजलात आणि मग बसस्टॉपवर उभे राहिलात की तोच ओला बनियन अंगावर बर्फासारखा होतो. आत मेरिनो मेंढीची मऊ लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, ते ओल बाहेर सोडतं.

पायाचं सांगते, कारण थंडी पायातून शिरते. बूट असे घ्या की जाड लोकरी मोजा घालूनही बोटं हलतील. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर रक्त नीट फिरत नाही आणि मधली हवाही जाते, मग पाय जास्तच गार पडतात. हाताला पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारा पिशवीसारखा हातमोजा जास्त उबदार, बोटं एकमेकांना धरून राहतात. कानातले मोठे डूल, नथ, चमकी, उणे 20 मध्ये धातू चटकन गार होतो आणि कातडीला लागतो, बाहेर जाताना कानातलं टोपीच्या आत झाकलेलं राहील असं बघा किंवा काढून ठेवा. मंगळसूत्र थर्मलच्या आत नको, वरून असू दे.

घरात मात्र हीटर चालू असतो, 20-22 अंश, घरातले लोक टीशर्टवर असतात. मॉलमध्ये, बसमध्ये तसंच. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या जॅकेट उघडायचं, नाहीतर पाच मिनिटात घाम फुटतो आणि मग बाहेर तेच वर सांगितलेलं होतं. आणि तिकडे बहुतेक घरांत आपल्यासारखेच बूट दारात काढतात, बुटांना रस्त्यावरचं मीठ आणि चिखल लागलेला असतो, रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात ना. म्हणून मुलाच्या मित्रांकडे जेवायला जाताना बिनभोकाचे धड मोजे. गाडीत बसताना फुगीर जॅकेट काढून मग सीटबेल्ट लावायचा, नाहीतर पट्टा अंगाला नीट बसत नाही, नातवंडांच्या सीटला तर हा नियम अजिबात मोडायचा नाही.

अजून एक, काकी. खोबरेल तेलाची बाटली न्याल ती तिकडे थिजून दगड होईल, ते 24 अंशांच्या खाली घट्ट होतं. रुंद तोंडाच्या डब्यात न्या म्हणजे चमच्याने काढता येईल. कोरड्या थंडीत हात-पाय-ओठ फार फुटतात, रोज लावायला लागेल.

प्रश्न : मी नॉर्वेला एमएससाठी चाललोय. काकांचे चांगल्या कंपनीचे ट्रेकिंगचे बूट सात-आठ वर्षं पोटमाळ्यावर नीट बॉक्समध्ये ठेवलेत, जवळजवळ नवे आहेत. तेच नेऊ का? (एक वाचक, देवगड)

अरे बाबा, नेण्याआधी हे वाच. असल्या पुष्कळ बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या प्लास्टिकचा असतो, आणि तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू आतून कुजतो, वापरला नाही तरी, खरं तर न वापरता बंद ठेवला तर जास्तच. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत आठ वर्षं म्हणजे फार झाली. वरून चामडं झकास दिसतं आणि पहिल्याच दिवशी चालताना सोलचा भुगा होऊन तळ सुटून येतो. अंगठ्याने सोलच्या बाजूला जोरात दाबून बघ, बूट दुमडून बघ, बारीक भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा कण पडले तर तिथेच थांब. धड वाटले तरी आठवडाभर घालून इथे घाटीतून चढ-उतार कर आणि मगच ठरव. चामड्यावर बुरशीचे पांढरे डाग असतील तर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर वाळव, कडक उन्हात ठेवलंस तर चामडं तडकेल.

घरातले जुने लोकरी कपडे नेणार असशील तर तेही ट्रंकेतून काढून थेट बॅगेत टाकू नको. डांबरगोळ्यांचा वास विमानात शेजारच्या माणसाला तासन्तास सोसावा लागतो आणि वर्गातही तोच वास तुझ्याआधी पोचतो. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धू, पिळू नको, टॉवेलवर आडवे पसरून वाळव आणि चार दिवस वाऱ्यावर राहू दे. आईला सांगितलंस तर ती हे माझ्यापेक्षा चांगलं करेल.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी डिसेंबरात दुबई, अबुधाबी आणि पुढे मस्कत करतोय. जीन्स-टॉप चालतो की बुरखाच घ्यावा लागतो? घरातल्यांचं डोकं फिरलंय. (एक वाचक, चिपळूण)

बुरखा घ्यावा लागत नाही, घरातल्यांना सांग. दुबईच्या रस्त्यावर, मॉलमध्ये जीन्स आणि बाह्यांचा टॉप अगदी चालतो, खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं, मॉलच्या दारावर तशा पाट्याही असतात. बीचवर पोहायचे कपडे चालतात पण तिथून उठून तसंच दुकानात जायचं नाही. अबुधाबीची शेख झायेद मशीद, 2007 मध्ये उघडलेली, ती मात्र प्रार्थनेची जागा आहे, तिथे बायकांनी केस झाकायचे, घोट्यापर्यंत सैल कपडे, पूर्ण बाह्या, घट्ट जीन्स आणि आरपार दिसणारं कापड चालत नाही. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीतही तसंच, मनगटं आणि घोटे झाकलेले. तुमचे नेहमीचे सैल सुती पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी यात हे सगळं बसतं, वेगळं काही विकत घ्यायला नको. ओढणी घसरू नये म्हणून आत पातळ स्कार्फ आणि दोन पिना, फोटो काढताना सारखं सावरायला लागत नाही. आणि तिथे फोटोसाठी मांडी घालून, मिठी मारून, उड्या मारून पोज देऊ नका, कपडे बरोबर असूनही मान राहत नाही त्याने.

डिसेंबरात हवा छान असते, दिवसा पंचविशीच्या आसपास, वाळवंटात रात्री गारठा लागतो, एक जॅकेट असू दे. उन्हाळ्यात बाहेर 40 च्या वर आणि आत एसीत गारठायला होतं, म्हणून कधीही गेलात तरी पिशवीत शाल हवी. सौदीला जाणाऱ्या दोघीतिघींनी विचारलंय त्यांच्यासाठी, परदेशी बायकांना अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, सक्तीचा नाही 2019 पासून, पण अंगभर सैल कपडे हवेतच.

मस्कत ज्या देशात आहे त्या ओमानमध्येच सलालाह म्हणून गाव आहे, जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे आपल्याच नैर्ऋत्य मान्सूनची भुरभुर असते, धुकं आणि हिरवे डोंगर, आखातातली माणसं मुद्दाम पाऊस बघायला येतात. तेव्हा गेलात तर छत्री आणि न घसरणारी चप्पल, आखात म्हणून नुसते उन्हाचे कपडे नकोत.

प्रश्न : थायलंड, बाली आणि श्रीलंका यातलं एक ठरवतोय. गरम आहे म्हणून शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे टॉप एवढंच घेतलं तर? (एक वाचक, गुहागर)

हवा आपल्यासारखीच दमट, त्यामुळे सुती-लिनन सैल कपडे, हे बरोबर. पण तिन्ही ठिकाणी तुम्ही देवळं बघणार, तेव्हा प्रत्येकी एक लांब पँट किंवा स्कर्ट आणि बाह्यांचा शर्ट लागेलच. बँकॉकच्या ग्रँड पॅलेस या राजवाड्यात शॉर्ट्स, बिनबाह्या, फाटक्या जीन्स, काहीच चालत नाही. बालीत देवळात जाताना कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळून वर कापडी पट्टा बांधतात, पुरुषांनीही, बऱ्याच ठिकाणी दारावर मिळतो, आणि पाळीच्या दिवसात बायकांनी येऊ नये अशा पाट्या तिथे असतात, तुम्हाला पटो न पटो, माहीत असलेलं बरं. श्रीलंकेत कँडी गावच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या मंदिरात, पांढरे किंवा फिके कपडे चांगले दिसतात, टोपी-चप्पल बाहेर. आणि बुद्धाचं चित्र असलेला टीशर्ट श्रीलंकेत अजिबात घालू नका, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी नको. 2014 मध्ये दंडावर बुद्ध गोंदवलेल्या एका ब्रिटिश बाईला तिथून परत पाठवलं होतं, पुढे 2017 मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने तिला भरपाई दिली हे खरं, पण तिची ट्रिप तर गेलीच ना.

दुपारी दगडी फरशी अनवाणी पायाला फार भाजते, पिशवीत मोज्यांचा एक जोड ठेवा. म्यानमारच्या पॅगोडात मात्र मोजेही काढावे लागतात.

प्रश्न : हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये मुलांना टीशर्ट-हाफपँटवर सोडलं तर चालतं का? आणि मी पंजाबी ड्रेसवर उतरले तर? (एक वाचक, वेंगुर्ला)

चालत नाही बहुतेक ठिकाणी. सुती कपड्याचे धागे आणि रंग पाण्यात उतरतात, आणि भिजलेला ड्रेस जड होऊन पायात अडकतो, ते धोक्याचंही आहे. अंगभर झाकणारे पोहायचे सूट मिळतात, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायाचे, तो एक घ्या, संकोचही नको आणि नियमही मोडत नाही. फक्त फ्रान्सला जाणार असाल तर तिथल्या सार्वजनिक तलावांत पुरुषांना सैल बर्म्युडाही चालत नाही, घट्ट चड्डीच लागते आणि बहुतेक ठिकाणी डोक्याला टोपी, आणि अंगभर सूटलाही पुष्कळ ठिकाणी मनाई आहे, आधी विचारा.

रत्नागिरीच्या एका क्रिकेटप्रेमी वाचकाने वेस्ट इंडीजला मॅच बघायला जाताना काय घालू असं विचारलंय. बाकी काहीही घाला, पण बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथे लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे, टोपी आणि सॅकसुद्धा. घरी ठेवून जा.

प्रश्न : ताई, लेकीच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये मेलबर्नला चाललेय, तीन महिने. मी कायम साडीच नेसते. लेक म्हणते आई इकडे साडी नको, गैरसोय होईल, दोन पँट घेऊन टाक. मला पँट घालून उभंच राहता येणार नाही असं वाटतं. आणि जून म्हणजे तिकडे उन्हाळा ना? (एक वाचक, सावंतवाडी)

मावशी, आधी ऋतूचं. तिकडे सगळं उलट, जून ते ऑगस्ट म्हणजे हिवाळा. मेलबर्नला पहाटे 6-7 अंश, दुपारी 14 च्या आसपास, बर्फ नाही पण ढगाळ, भुरभुर पाऊस आणि दक्षिणेकडून येणारा गार वारा, दिवसातून चार वेळा हवा बदलते. कॅनडापेक्षा आकडा सौम्य वाटेल पण तिकडची बरीच घरं कॅनडासारखी गच्च बांधलेली नसतात, घरातच गारठा जाणवतो, म्हणून घरात घालायचे गरम कपडेच जास्त न्या, बाहेरचं एक जॅकेट पुरे.

साडी खुशाल नेसा. मी हे मनापासून सांगतेय, कारण अशी पत्रं मला फार येतात आणि वाचून वाईट वाटतं. परक्या गावाचा मान राखायचा म्हणजे आपलं अंगावरचं सगळं बदलायचं असं नाही. अंगभर नेसलेल्या साडीने कोणाचाच अपमान होत नाही, उलट तीन महिने परक्या घरात, झोप नाही, बाळ रडतंय, अशा वेळी तुम्हाला जे अंगावर आहे हे जाणवतच नाही तेच घालायला हवं. फक्त साडी तिकडच्या कामाला जुळवून घ्या. सुती साडी तिकडच्या हवेत दोन दिवस वाळत नाही, म्हणून चार-पाच सिंथेटिक किंवा मिक्स साड्या, घोट्याच्या जरा वर नेसायची म्हणजे पावसात काठ भिजत नाही आणि सरकत्या जिन्यात अडकत नाही, त्या जिन्यावर निऱ्या हाताने उचलून धरायच्या, हे विसरू नका. आत थर्मल लेगिंग, त्यावर पातळ परकर. ब्लाउज पूर्ण बाह्यांचे, जरा सैल, टेलरला सांगून दोन लोकरी किंवा जाड होजिअरी कापडाचे शिवून घ्या, त्याच्या आत थर्मल बसतं. पदराखाली पुढून उघडणारं बटणांचं स्वेटर. पायात चपला नकोत, मोजे आणि बिननाडीचे बूट. एक कुर्ता-पायजमा किंवा गाऊनवर घालायचा लांब कोट मात्र न्याच, रात्री-बेरात्री हॉस्पिटलला पळायची वेळ आली तर साडी नेसत बसायला वेळ नसतो. लेकीला गैरसोयीची भीती आहे ती एवढ्याने जाईल.

बाळासाठी तुम्ही जुन्या साड्यांची गोधडी, कुंच्या, टोपडी, दुपटी शिवलीच असतील. सगळं न्या, मांडीवर घ्यायला, बाबागाडीत ऊब द्यायला खूप उपयोगी पडतं. पण बाळ झोपलेलं असताना तिकडच्या नर्सबाई पाळण्यात सैल पांघरूण आणि डोक्याला टोपडं ठेवू देणार नाहीत, कारण बाळ जास्तीची ऊब डोक्यातून बाहेर टाकतं आणि सैल कापड नाकावर येऊन श्वास कोंडू शकतो. त्याऐवजी बाळाला झोपायची पिशवी मिळते, त्यात घालतात. आपल्याकडे टोपड्याशिवाय बाळ झोपवणं जीवावर येतं, समजतं मला, पण यात त्यांचं ऐका, लेकीला यावरून दोन्हीकडची बोलणी खायला लागू नयेत. बाळ-बाळंतीण सुखरूप असोत.

भरताना एक लक्षात ठेवा, तुम्ही निघणार जूनमध्ये आणि तेव्हा आपल्याकडे कपडे वाळतच नाहीत. जरासा ओलसर कपडा बॅगेत गेला की पोचेपर्यंत सगळ्या बॅगेला कुबट वास लागतो. म्हणून न्यायचे सगळे कपडे मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवून, घडी करून प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवा आणि पावसाआधीच बॅग भरा.

आणि चपला-बूट. ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्येही, बाहेरची माती येऊ देत नाहीत, मातीतून झाडांचे रोग आणि बिया जातात म्हणून. आपली लाल माती सोलच्या खाचांत घट्ट बसते, वरून पुसून निघत नाही. जुन्या टूथब्रशने आणि साबणाने खाचा घासून काढा, पूर्ण वाळवा आणि मग ते अंगणात घालू नका, थेट बॅगेत. बागेतून-वाडीतून फिरलेले बूट असतील तर विमानात जो फॉर्म भरायचा असतो त्यात तसं "हो" लिहा, डिंक-खारीक-लाडू नेत असाल तर तेही लिहा. लिहिलं तर ते फार तर बघतात, काही ठेवून घेतात आणि जाऊ देतात, न लिहिता सापडलं तर दंड होतो. फॉर्म इंग्रजीत असतो, लेकीकडून आधीच फोटो मागवून घ्या आणि जावयाकडून किंवा शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून घरीच एकदा भरून बघा.